नळांतून वाहणारे पदार्थ आणि त्यांची श्यानता
भिलाईच्या पोलाद-कारखान्यातील उदाहरणांसह

मुंबईहून नागपूरमार्गे हावड्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, दुर्ग आणि रायपूर या दोन शहरांच्या दरम्यान भिलाई वसलेले आहे. १९५६ पर्यंत हा भाग नागपूर ही राजधानी असलेल्या राज्यात मोडत असे. पुढे तो भोपाळ राजधानी असलेल्या मध्य प्रदेशात गेला आणि १ नोव्हेंबर २००० पासून छत्तीसगड राज्यात आहे. येथे पोलादाचा कारखाना उभारण्याचा करार भारत सरकार व सोव्हिएट संघ यांच्यामध्ये २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला. पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. कारखान्याला लागणारे लोहखनिज प्रामुख्याने दल्ली-राजहरा येथील खाणींतून येत आले आहे.

पोलादाचा कारखाना म्हटला की भट्ट्या, धुराडी आणि तांबडेलाल लोखंड डोळ्यांपुढे येते. परंतु कारखान्याच्या आवारात पाऊल टाकणाऱ्याच्या नजरेत प्रथम भरतात ते नळ. काही नळ इतके रुंद की त्यांतून माणूस उभा चालत जाईल, तर काही बोटाएवढे बारीक. कोणातून पाणी वाहते, कोणातून वाफ, कोणातून भट्टीचा वायू, कोणातून तेल, तर कोणातून काळेभोर डांबर. भट्टी ही कारखान्याचे हृदय मानली, तर नळ या त्याच्या रक्तवाहिन्या होत. त्यांपैकी एखादी तुंबली तर भट्टीही धोक्यात येते.

आता एक प्रश्न सहज उद्‌भवतो. पाणी आणि डांबर हे दोन्ही द्रवच आहेत. मग पाणी साध्या नळातून खळखळत जाते आणि डांबराला मात्र वाफेची ऊब देऊन पुढे सरकवावे लागते, असे का? या प्रश्नाचे उत्तर ‘श्यानता’ या गुणधर्मात आहे.

श्यानता म्हणजे काय?

दुर्गजवळून वाहणाऱ्या शिवनाथ नदीच्या काठी उभे राहून पाण्यावर वाळलेली पाने टाकली, तर असे दिसते की मध्यप्रवाहातील पान झपाट्याने पुढे जाते आणि काठालगतचे पान रेंगाळते. नळातही हेच घडते. नळाच्या भिंतीला अगदी चिकटून असलेला द्रवाचा थर मुळीच हलत नाही. त्याच्या आतला थर थोडा सरकतो, त्याच्याही आतला अधिक सरकतो, आणि नळाच्या मध्यरेषेवर वेग सर्वांत जास्त असतो. पत्त्यांचा जोड टेबलावर ठेवून वरच्या पत्त्यावर बोट दाबून तो पुढे ढकलला असता सर्व पत्ते कमीअधिक प्रमाणात सरकतात, मात्र तळचा पत्ता जागीच राहतो. द्रवाच्या थरांची स्थितीही अशीच असते.

एक थर दुसऱ्यावरून सरकू लागला की त्या दोहोंमध्ये विरोध उत्पन्न होतो. वेगवान थर मंद थराला पुढे ओढतो आणि मंद थर वेगवान थराला मागे खेचतो. प्रवाही पदार्थाच्या अंगी असलेल्या या अंतर्गत घर्षणाला श्यानता म्हणतात. मध, काकवी आणि एरंडेल यांची श्यानता मोठी आहे, तर पाणी, रॉकेल व स्पिरिट यांची थोडी आहे.

श्यानता व घनता यांची गल्लत करता कामा नये. एरंडेल पाण्यात ओतले तर ते वर तरंगते, म्हणजे ते पाण्यापेक्षा हलके आहे. तरीही त्याची श्यानता पाण्याच्या सुमारे हजारपट आहे. उलटपक्षी, पारा पाण्याच्या साडेतेरापट जड असूनही काचेवरून चपळाईने पळतो. पदार्थ किती जड आहे हे घनता सांगते, आणि तो वाहण्यास किती नाखूष आहे हे श्यानता सांगते.

हा विरोध कोणत्या नियमाने चालतो, याविषयीचे गृहीत प्रथम आयझॅक न्यूटन यांनी १६८७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘प्रिन्सिपिया’ या ग्रंथात मांडले. लगतच्या थरांच्या वेगांत जितका अधिक फरक, तितका त्यांच्यामधील विरोध अधिक, असे त्याचे सार आहे. पाणी, हवा व साधी तेले हा नियम चांगला पाळतात. रक्त, रंग किंवा चिखल यांसारखे पदार्थ तो काटेकोरपणे पाळत नाहीत.

श्यानता मोजण्याचे एक रूढ एकक ‘पॉइज’ हे असून त्याच्या शंभराव्या भागाला सेंटिपॉइज म्हणतात. २० अंश सेल्सिअस तापमानाला पाण्याची श्यानता जवळजवळ १ सेंटिपॉइज असते. त्याच तापमानाला हवेची ०.०१८, एरंडेलाची सुमारे १,००० आणि ग्लिसरिनाची सुमारे १,४०० सेंटिपॉइज असते.

उष्णतेचा परिणाम

थंडीच्या दिवसांत खोबरेल बाटलीत गोठते आणि उन्हात ठेवले की पातळ होते, हे घरोघरी ठाऊक आहे. गोठण्याची अवस्था सोडून दिली तरी बहुतेक सर्व द्रव तापवले असता अधिक सहजपणे वाहू लागतात. पाण्याची श्यानता ० अंशाला १.८ सेंटिपॉइज असते. ती ४० अंशाला ०.६५ आणि १०० अंशाला ०.२८ इतकी उतरते. एरंडेलात हा फरक याहूनही ठळक आहे. २० अंशांपासून ४० अंशांपर्यंत तापवले की त्याची श्यानता जवळजवळ एक चतुर्थांश उरते.

याचे कारण द्रवाच्या रेणूंमधील आकर्षणात आहे. द्रवात रेणू परस्परांना खेटून असतात व एकमेकांना धरून ठेवतात. उष्णता दिली की त्यांची हालचाल वाढते आणि शेजाऱ्याची पकड सोडून पुढे सरकणे त्यांना सोपे जाते.

वायूंची तऱ्हा मात्र उलट आहे. वायू तापवला की त्याची श्यानता वाढते. वायूचे रेणू एकमेकांपासून दूर असतात, तेव्हा तेथे पकडीचा प्रश्न फारसा येत नाही. शेजारशेजारच्या रुळांवरून एकाच दिशेने दोन मालगाड्या चालल्या आहेत, एक मंद व एक वेगवान, आणि त्यांवरील मजूर एकमेकांच्या गाडीत पोती फेकीत आहेत, अशी कल्पना करावी. मंद गाडीतून आलेले पोते वेगवान गाडीला थोडे मागे खेचील आणि वेगवान गाडीतून आलेले पोते मंद गाडीला थोडे पुढे रेटील. वायूच्या थरांमध्ये रेणूंची अशीच देवघेव चालते. तापमान वाढले की रेणू अधिक वेगाने ये-जा करतात आणि विरोधही वाढतो. वायूंच्या श्यानतेची ही उपपत्ती जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६० साली मांडली.

एका वैद्याचा शोध

नळातील प्रवाहाचा नियम शोधून काढण्याचे श्रेय दोघांकडे जाते. जर्मन स्थापत्य-अभियंता गोटहिल्फ हागेन यांनी पितळी नळ्यांतून पाणी सोडून केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष १८३९ साली प्रसिद्ध केले. त्यानंतर लवकरच फ्रेंच वैद्य झां प्वाझेय यांनी स्वतंत्रपणे हाच नियम प्रस्थापित केला. प्वाझेय यांना कुतूहल होते ते शरीरातील केशवाहिन्यांतून रक्त कसे वाहते याचे. त्यासाठी त्यांनी केसासारख्या बारीक काचेच्या नळ्या घेऊन अत्यंत काटेकोर मोजमापे केली. ‘पॉइज’ हे एकक त्यांच्याच नावावरून आले आहे.

त्यांचा नियम असा आहे. नळाच्या दोन टोकांमधील दाबाचा फरक दुप्पट केला की दर सेकंदाला वाहणारा द्रव दुप्पट होतो. नळाची लांबी दुप्पट केली की तो निम्मा होतो. द्रवाची श्यानता दुप्पट झाली तरीही तो निम्मा होतो. परंतु नळाची त्रिज्या दुप्पट केली तर प्रवाह दुप्पट किंवा चौपट न होता सोळापट होतो! म्हणजे प्रवाह हा त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असतो.

चौथा घात कोठून आला? त्रिज्या दुप्पट झाली की नळाच्या तोंडाचे क्षेत्रफळ चौपट होते, ही झाली पहिली चौपट. शिवाय रुंद नळात मधला द्रव भिंतीपासून अधिक दूर असतो, आणि भिंतीच्या अटकावाचा परिणाम त्याच्यापर्यंत क्षीण होऊन पोचतो. त्यामुळे त्याचा सरासरी वेगही चौपट होतो. चार गुणिले चार म्हणजे सोळा.

हा नियम उलट दिशेने वाचला तर धोक्याची सूचना देतो. नळाच्या आत कीट बसून त्याचा व्यास केवळ एक दशांशाने कमी झाला, तर प्रवाह एक दशांशाने घटत नाही. तो जवळजवळ एक तृतीयांशाने घटतो.

रेनल्ड्स यांचा रंगीत धागा

हागेन व प्वाझेय यांचा नियम सर्वत्र मात्र लागू पडत नाही. तो कोठे लागू पडतो व कोठे नाही, याचा उलगडा ऑस्बर्न रेनल्ड्स यांनी मँचेस्टर येथे केलेल्या प्रयोगांतून झाला. १८८३ साली ते प्रयोग प्रसिद्ध झाले. काचेच्या रुंद नळीतून पाणी वाहत ठेवून रेनल्ड्स यांनी तिच्या मध्यभागी रंगीत द्रवाची बारीक धार सोडली. प्रवाह संथ असताना ती धार ताणलेल्या धाग्यासारखी सरळ राहिली. वेग वाढवीत नेल्यावर एका मर्यादेनंतर धागा डळमळू लागला, मग तुटला आणि रंग सर्व पाण्यात पसरला. पहिल्या प्रकारच्या प्रवाहाला स्तरीय प्रवाह व दुसऱ्याला संक्षुब्ध प्रवाह म्हणतात.

कोणता प्रवाह केव्हा होईल, हे एका संख्येवरून सांगता येते. वेग, नळाचा व्यास व घनता यांचा गुणाकार करून त्याला श्यानतेने भागले की ही संख्या मिळते. तिला रेनल्ड्स अंक म्हणतात. हा अंक सुमारे २,००० पेक्षा कमी असेल तर नळातील प्रवाह स्तरीय राहतो. तो ४,००० च्या पुढे गेला की प्रवाह सामान्यतः संक्षुब्ध होतो. दीड सेंटिमीटर व्यासाच्या घरगुती नळातून पाणी सेकंदाला एक मीटर वेगाने वाहत असेल, तर हा अंक १५,००० येतो. एक मीटर व्यासाच्या मोठ्या नळात त्याच वेगाला तो दहा लाख येतो. यावरून असे ध्यानात येईल की, कारखान्यातील पाण्याचा प्रवाह जवळजवळ सर्वत्र संक्षुब्धच असतो.

संक्षुब्ध प्रवाहात ऊर्जेचा व्यय भोवऱ्यांत होतो. तेथे दाबाची हानी वेगाच्या जवळजवळ वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्याच नळातून दुप्पट पाणी न्यावयाचे असेल तर सुमारे चौपट दाब आणि पंपाला सुमारे आठपट शक्ती लागते. श्यानतेचे महत्त्व येथे कमी होते, पण नाहीसे होत नाही. गुळगुळीत नळात श्यानता दुप्पट झाली तर दाबाची हानी अदमासे एक पंचमांशानेच वाढते. मात्र भिंतीलगतच्या पातळ थरात श्यानतेचेच राज्य असते, आणि भोवऱ्यांचा जन्मही तेथेच होतो.

डांबराचा नळ

आता भिलाईच्या डांबराकडे वळता येईल. झोतभट्टीसाठी कोक लागतो. हवेचा संपर्क न होऊ देता दगडी कोळसा कोकभट्टीत सुमारे हजार अंशांपर्यंत तापवला की कोक तयार होतो आणि वायू बाहेर पडतो. हा वायू निववला की त्यातून डांबर वेगळे होते. डांबरापासून डांबरगोळ्यांत वापरले जाणारे नॅप्थॅलीन, रस्त्यांना व विद्युत्-अग्रांना लागणारा पिच आणि इतर अनेक उपयुक्त पदार्थ मिळतात.

समजा, दहा सेंटिमीटर व्यासाच्या नळातून डांबर सेकंदाला अर्धा मीटर वेगाने न्यावयाचे आहे व त्याची श्यानता पाण्याच्या हजारपट आहे. डांबर पाण्याहून किंचित जड असल्यामुळे रेनल्ड्स अंक सुमारे ६० येतो. तेव्हा हा प्रवाह स्तरीय आहे आणि त्याला प्वाझेय यांचा नियम पुरेपूर लागू पडतो. डांबर तापवून त्याची श्यानता एक दशांशावर आणली, तर तेवढेच डांबर एक दशांश दाबाने वाहील. म्हणूनच डांबराच्या नळांलगत वाफेच्या बारीक नळ्या घालतात आणि वरून उष्णतारोधक वेष्टण गुंडाळतात. पंपाची शक्ती दहापट वाढविण्यापेक्षा थोडी वाफ खर्चणे स्वस्त पडते.

या व्यवस्थेत एक दुष्टचक्र दडलेले असते. काही कारणाने वाफ बंद पडली तर डांबर निवते. निवले की श्यानता वाढते. श्यानता वाढली की प्रवाह मंदावतो. आणि मंदावलेले डांबर नळात अधिक वेळ राहून आणखी निवते. हे चक्र वेळीच तोडले नाही तर नळ दगडासारखा बंद होतो. यास्तव काम थांबविण्यापूर्वी असे नळ रिकामे करून ठेवणे हिताचे असते. उलट डांबर बेसुमार तापवूनही चालत नाही. त्यातील पाण्याची वाफ होऊन फेस उसळतो आणि ज्वालाग्राही वाफा सुटू लागतात.

हीच अडचण खनिज तेलालाही भेडसावते. राजस्थानात बाडमेर जिल्ह्यातील तेलात मेणाचे प्रमाण इतके आहे की साध्या हवेच्या तापमानाला ते गोठू लागते. त्यामुळे तेथून गुजरातेच्या किनाऱ्याकडे जाणारा शेकडो किलोमीटर लांबीचा नळ वाटभर उष्ण ठेवावा लागतो.

पाण्याचा नळ व माणसांचे प्राण

भिलाईला पाणी मिळते ते मुख्यतः तांदुळा धरण व महानदीवरील रविशंकर सागर यांच्या जलाशयांतून. झोतभट्टीच्या कवचातून सतत पाणी खेळवीत ठेवावे लागते. तसे न केले तर आतील उष्णतेने कवचच जळून जाईल. पाण्यातील क्षार नळाच्या आत साचून व्यास एक दशांशाने घटला, तर तेवढ्याच दाबाला येथील संक्षुब्ध प्रवाह सुमारे २३ टक्क्यांनी घटतो. शिवाय क्षारांचा थर उष्णतेलाही अटकाव करतो. थंडावा दोन्हींकडून कमी होतो. म्हणून पाणी शुद्ध करून वापरणे आणि नळांतील दाब व प्रवाह अहोरात्र मोजीत राहणे, ही या कारखान्यातील अत्यावश्यक कामे होत.

दाबावर केवळ यंत्रांचेच नव्हे तर माणसांचेही प्राण अवलंबून असतात. झोतभट्टीतून निघणाऱ्या वायूत कार्बन मोनॉक्साइड हा अतिविषारी वायू मोठ्या प्रमाणात असतो. त्या वायूतील धूळ पाण्याने धुऊन काढतात. अर्थात तेथे पाण्याचे व वायूचे मार्ग एकत्र येतात. १२ जून २०१४ रोजी भिलाई कारखान्याच्या एका पंपघरात बिघाड होऊन पाण्याचा दाब घसरला आणि विषारी वायू पाण्याच्या मार्गाने उलट शिरला. त्या दुर्घटनेत सहा जण मृत्युमुखी पडले. पाण्याचा दाब हाच वायूला रोखून धरणारा बांध असतो, हे त्या दिवशी दिसून आले.

येथेही श्यानतेचा संबंध आहे. वायूची श्यानता पाण्याच्या सुमारे पन्नासाव्या हिश्शाइतकीच असते. ज्या फटीतून पाणी जेमतेम पाझरेल, तिच्यातून वायू सहज निसटतो. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही व वासही नाही. त्यामुळे त्याची चाहूल नाकाने न लागता केवळ उपकरणानेच लागते.

मळी आणि वितळलेले पोलाद

झोतभट्टीत लोखंडाबरोबर मळीही तयार होते. खनिजातील व कोकमधील माती, वाळू इत्यादी अशुद्ध द्रव्ये चुनखडीशी संयोग पावून ती बनते आणि वितळलेल्या लोखंडावर तरंगते. सुमारे १,५०० अंशांना तिची श्यानता साधारण २ ते ५ पॉइज, म्हणजे साध्या पाण्याच्या काही शेकडापट असते. मळी फार दाट झाली तर ती भट्टीतून नीट बाहेर पडत नाही व लोखंडही पुरेसे शुद्ध होत नाही. भारतीय लोहखनिजात ॲल्युमिनाचे प्रमाण बरेच असते आणि त्यामुळे मळी दाट होण्याकडे कल असतो. चुना व मॅग्नेशिया यांचे प्रमाण योग्य राखून हा दाटपणा आटोक्यात ठेवतात. पाण्याच्या झोताने एकदम निववलेल्या मळीचे दाणे सिमेंटमध्ये वापरले जातात. भिलाईजवळ जामुल येथे सिमेंटचा कारखाना आहे.

पोलादाची गोष्ट मात्र अनपेक्षित आहे. ते पाण्याच्या सातपट जड असते आणि १,६०० अंशांना त्याची श्यानताही पाण्याच्या पाचसहापट असते. परंतु प्रवाहाचे स्वरूप ठरविताना श्यानतेला घनतेने भागावे लागते. तसे भागले असता पोलादाचा भागाकार साध्या पाण्याच्या भागाकाराच्या जवळपास येतो. म्हणूनच वितळलेले पोलाद ओतण्याच्या पात्रात प्रवाह कसा होईल हे पाहण्यासाठी संशोधक पारदर्शक पात्रात पाणी सोडून त्याचा अभ्यास करतात. प्रखर तेजामुळे जे डोळ्यांनी पाहणे अशक्य, ते अशा रीतीने प्रयोगशाळेत पाहता येते.

शाळेत करता येण्याजोगा प्रयोग

पत्र्याच्या एका डब्याच्या बुडाशी, एका बाजूस, भोक पाडून तेथे सुमारे दहा सेंटिमीटर लांबीची बारीक काचेची नळी बुचात आडवी बसवावी. डब्यात ठराविक खुणेपर्यंत शेंगदाण्याचे तेल भरावे आणि नळीतून पन्नास घन सेंटिमीटर तेल मोजपात्रात पडण्यास किती सेकंद लागतात ते घड्याळाने मोजावे. नंतर तेलाचे भांडे गरम पाण्यात ठेवून तेल सुमारे ५० अंशांपर्यंत तापवावे व तोच प्रयोग पुन्हा करावा. तेल विस्तवावर थेट तापवू नये. शेवटी तेवढ्याच लांबीची परंतु थोडी रुंद नळी घेऊन वेळ मोजावा. उष्णतेने काय होते व त्रिज्येने काय होते, हे दोन्ही आकड्यांवरून स्पष्ट होईल.

भिलाईच्या नळांवर देखरेख करणारे कामगार व अभियंते हाच प्रयोग अधिक मोठ्या प्रमाणावर दररोज करीत असतात. त्यांच्यापुढील दाबमापकाचा काटा थोडासा सरकला, तर नळात कीट साचले, द्रव निवला की कोठे गळती झाली, याचा विचार त्यांना तत्काळ करावा लागतो. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी एका वैद्याने केसाएवढ्या काचेच्या नळ्यांवर मोजलेला नियम त्या विचारात आजही त्यांच्या उपयोगी पडतो.